डिस्चार्जनंतर अण्णांना गावी नेताना अँब्युलन्सवाल्याने कसं लुटलं

जुलैत झालेली गोष्ट आहे, लिहायला उशीरच झालाय. पण परवा आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंच्या बाबतीत तोच प्रकार होता होता राहिला, म्हणून आता सगळं सविस्तर लिहितेय. मोठं होणारे, पण ज्यांच्या घरचं कोणी आत्ता दवाखान्यात आहे त्यांनी तरी प्लीज पूर्ण वाचा.

आमचे अण्णा ७६ वर्षांचे. नातीच्या वाढदिवसाला पुण्यात आले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी बाथरूममध्ये पाय घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, अर्धा खुबा बदलला, सगळं नीट झालं, डॉक्टर आणि सिस्टर लोकांबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. सहाव्या दिवशी डिस्चार्ज देतो म्हणाले. आता आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि अण्णांनी पहिल्या दिवसापासून एकच धोशा लावलेला, मला गावी न्या. गाव पाटण तालुक्यात, मल्हारपेठच्या थोडं अलीकडे. बैठं घर, आई तिथे, भाऊ-वहिनी तिथे. म्हणून गावीच न्यायचं ठरलं. फिजिओच्या मॅडमनी बजावून सांगितलेलं की दोन पायांच्या मधे उशी ठेवायची, पायावर पाय येऊ द्यायचा नाही, खुब्यात जास्त वाकवायचं नाही आणि एवढा लांबचा प्रवास आडवं झोपवूनच करायचा. म्हणजे कार बाद, अँब्युलन्सच हवी.

आधी १०८ ला फोन केला. त्यांनी नीट समजावून सांगितलं की ती सेवा इमर्जन्सीसाठी आहे, डिस्चार्जनंतर घरी सोडायला नाही, आणि बरोबरच आहे ते, त्या गाड्या अशा कामात अडकल्या तर ॲक्सिडेंट झालेल्याने काय करायचं. १०२ आहे ती बाळंतिणी आणि तान्ह्या बाळांसाठी. मग आमच्यासारख्यांनी, ज्यांना इमर्जन्सी नाही पण झोपूनच जायचंय, त्यांनी प्रायव्हेट गाडी बघायची. आणि आपण असे अडलेलो आहोत हे गेटबाहेर उभं राहणाऱ्यांना पक्कं माहिती असतं.

वॉर्डातल्या एका मामांनी खिशातून कार्ड काढून दिलं, म्हणाले आपलाच माणूस आहे ताई, माझं नाव सांगा. सहा दिवस त्या मामांनी अण्णांचं सगळं केलेलं, त्यामुळे मला शंकासुद्धा आली नाही. फोन केला तर पलीकडचा इतका गोड बोलला, विंगर गाडी आहे, एसी, ऑक्सिजन, सोबत स्टाफ, सगळं धरून साडेसात हजार, दारात सोडणार. मी विचारलं टोल वगैरे? म्हणाला, "सगळं आलं त्यात ताई, तुम्ही टेन्शनच घेऊ नका." तीन हजार ॲडव्हान्स मागितला, यूपीआय केला, नाव भलतंच आलं, म्हणाला मालकाचं आहे. लिहून काहीच घेतलं नाही मी. एक मेसेजसुद्धा नाही. सगळं तोंडी.

डॉक्टर दहाला राउंडला आले आणि घरी जा म्हणाले, तेव्हाच त्याचा फोन, गाडी आत्ताच पाठवतो नंतर मिळायची नाही. मी हो म्हणाले, आणि ही माझी दुसरी चूक. कॅशलेस असेल तर डॉक्टरने जा म्हटलं म्हणजे आपण सुटलो असं नसतं हो. फाईल बनते, बिलिंगला जाते, टीपीए डेस्कवरून (इन्शुरन्सचे क्लेम बघणारे लोक) इन्शुरन्स कंपनीला जाते, मग मंजुरी येते. २०२४ पासून तीन तासांत मंजुरी द्यायचा नियम झालाय, पण ते तीन तास फाईल त्यांच्याकडे पोचल्यावर सुरू होतात, आमची फाईल हलायलाच दुपारचे अडीच झाले. गेटपास हातात आला साडेपाचला.

तोपर्यंत बेड दुसऱ्या पेशंटला देऊन झालेला, अण्णांना स्ट्रेचरवरून खाली पोर्चमध्ये आणलेलं, आणि समोर ठरलेली मोठी विंगर नाहीच, छोटी ईको व्हॅन उभी. विंगर दुसऱ्या पेशंटला गेली म्हणे. मी भांडायला लागले तर ड्रायव्हर म्हणाला, "मग दुसरी बघा ताई, ॲडव्हान्स मिळणार नाही." पाऊस चालू, अण्णा स्ट्रेचरवर थंडीने कुडकुडतायत, वर बेड नाही, नवरा पोरीला घेऊन घरी. मी गप बसले. इथून पुढे जे जे झालं ते ह्याच एका कारणाने झालं, पेशंट उघड्यावर होता आणि नंतर त्यांच्या गाडीत होता. आपला माणूस त्यांच्या ताब्यात गेला की घासाघीस संपली, मग ते म्हणतील ती पूर्व.

गाडीतलं स्ट्रेचर अरुंद, दोन पट्ट्यांपैकी एक तुटलेला. 'स्टाफ' म्हणजे एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, बिचारा तोही घाबरलेलाच होता. त्याने चढल्या चढल्या अण्णांच्या तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावला. डिस्चार्ज पेपरवर स्पष्ट लिहिलेलं, ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन ९७. मी म्हटलं कशाला? ड्रायव्हर पुढून ओरडला, घाटात कमी होतं, रिस्क कोण घेणार. रिस्क शब्द ऐकला की आपलं तोंडच बंद होतं ना.

खेड शिवापूरचा टोलनाका गेला. शिरवळला ढाब्यापाशी गाडी थांबवली, डिझेलला चार हजार द्या, बाकीतून वळते करू. दिले. पुढे खंबाटकीचा घाट, पुण्याकडून जाताना तेव्हा बोगदा नव्हता, सगळी वळणं घ्यावी लागली, आणि प्रत्येक वळणाला अण्णा स्ट्रेचरवर एका बाजूला सरकायचे. तो मुलगा तोपर्यंत पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन झोपलेला. मी खाली पत्र्यावर गुडघे टेकून बसले, एका हाताने पायांमधली उशी धरलेली आणि दुसऱ्या हाताने अण्णांची कंबर. अण्णांनी वरचा रॉड पकडलेला, हाताच्या शिरा टरारून आलेल्या. काही बोलत नव्हते. तो अर्धा तास आठवला की मला आजही पैशांपेक्षा त्याचाच जास्त राग येतो.

उंब्रजला आलो तेव्हा साडेनऊ झालेले. आमचा रस्ता उंब्रजवरून आत मल्हारपेठकडे वळतो. तिथे फाट्यावर गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, आतला दिवा बंद केला, आणि म्हणाला आपलं बोलणं हायवेपर्यंतचं होतं. हातात एक कागद दिला. त्यावर काय काय होतं बघा. भाडं ७,५००, परतीचं ३,०००, ऑक्सिजन दोन सिलिंडर २,४००, डॉक्टर चार्ज २,०००, टोल तीन नाके ६००, वेटिंग १,०००. एकूण १६,५००. ॲडव्हान्स आणि डिझेल वजा करून साडेनऊ हजार आत्ता इथे द्या, मग गाडी आत जाईल.

भावाला फोन केला, तो मित्राला घेऊन भर पावसात मोटरसायकलवर वीस किलोमीटर आला, तोपर्यंत पाऊण तास आम्ही अंधारात. वादावादी सुरू झाली तसे आतून अण्णा म्हणाले, "दे बाई काय मागतोय ते. मला घरी पडू दे." त्यापुढे काय बोलणार. सात हजारांवर तुटलं, म्हणजे साडेसातचे एकूण चौदा हजार झाले. तेव्हा ११२ लावायचं सुचलं नाही, उंब्रजला पोलीस स्टेशन आहे, दोन मिनिटांवर. तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी ११२ लावा, मग बोला.

घरी पोचल्यावर दोन दिवसांनी शांतपणे तो कागद घेऊन बसले. टोल बघा. राष्ट्रीय महामार्गावर अँब्युलन्सला टोल माफ असतो, येताना पण आणि जाताना पण. त्यात ह्याने तीन नाके लावलेले, खेड शिवापूर, आनेवाडी आणि तासवडे. तासवडेचा नाका उंब्रजच्या पुढे कराडच्या बाजूला आहे, आम्ही तिथे गेलोच नाही! पावती एकाची नाही. ऑक्सिजनचं घ्या, गाडीत जो छोटा सिलिंडर होता तो बी टाईप, त्यात साधारण १५०० लिटर असतो. मिनिटाला दोन लिटर सोडला तरी एक सिलिंडर बारा तास पुरतो, माझ्या मावसभावाने हिशोब करून दाखवला, तो दवाखान्यात टेक्निशियन आहे. आम्ही गाडीत होतो पाच तास, फाट्यावरचं थांबणं धरून. दोन सिलिंडर संपले कसे? तेही ज्याला गरजच नाही अशा माणसाला. डॉक्टर तर कोणी नव्हताच. वेटिंग दुपारी एकपासून लावलेलं, मी चारला खाली चहाला गेले तेव्हा गाडी नव्हती. आणि किलोमीटर लिहिलेले २३०, हॉस्पिटलपासून आमच्या दारापर्यंत पावणेदोनशेच्याही आत आहे. आम्हाला जीएसटी लावला नाही, पण नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एकांना तोही लावला होता, तर पेशंटच्या अँब्युलन्स भाड्यावर जीएसटी नाहीये हे पण लक्षात असू द्या.

आणखी एक, मला हे आधी माहितीच नव्हतं, अँब्युलन्सचे दर आपल्याकडे परिवहन प्राधिकरण ठरवून देतं, आरटीओकडे ते मिळतात. गाडीच्या प्रकाराप्रमाणे दर वेगळे, सुरुवातीच्या ठराविक अंतराचं एक भाडं आणि पुढे किलोमीटरला इतके असा हिशोब. छोट्या व्हॅनचा दर मोठ्या गाडीपेक्षा कमी. म्हणजे विंगर सांगून ईको पाठवली त्यातच त्याने पहिला हात मारलेला. गाडीत दरपत्रक लावलंय का बघा, नसेल तर तिथेच विचारा. आणि गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. मी नंतर टाकला. गाडीच्या फिटनेस सर्टिफिकेटची मुदत संपून चार महिने झालेले.

तक्रार केलीय. आरटीओत लेखी अर्ज दिला, कागदाचा फोटो, यूपीआयचा स्क्रीनशॉट, गाडीच्या नंबराचा फोटो सगळं जोडून. १९१५ वर ग्राहक हेल्पलाईनलाही नोंदवलं. हॉस्पिटलने सांगितलं ती गाडी आमची नाही, त्यावर मी लेखी दिलं की गाडी तुमची नसेल पण नंबर तुमच्या वॉर्डातून मिळाला, चौकशी करतो म्हणालेत. त्या एजंटने मला ब्लॉक केलंय. पैसे अजून एक रुपया परत आलेला नाही. कराडला तिसऱ्या दिवशी एक्सरे काढला, सांधा जागेवर होता, तो बघेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

सगळ्यात जास्त हळहळ कशाची वाटते सांगू, भावाचा मित्र त्याच रात्री म्हणाला, आपल्या पतसंस्थेची अँब्युलन्स आहे की, डिझेल आणि ड्रायव्हरचा भत्ता दिला असता तर पुण्याला आली असती. आम्ही विचारलंच नाही! आपल्या भागात कारखान्याच्या, पतसंस्थेच्या, ट्रस्टच्या गाड्या असतात, पुण्यात कितीतरी गणपती मंडळांच्या अँब्युलन्स आहेत. ऑपरेशन ठरलं त्याच दिवशी गावाकडे दोन फोन करून ठेवा, डिस्चार्जच्या दिवशी डोकं चालत नाही. मोठ्या ट्रस्टच्या दवाखान्यात मेडिकल सोशल वर्कर असतात, वॉर्डातल्या कार्डापेक्षा त्यांना जाऊन विचारा. आणि अँब्युलन्सवाल्याला सांगायचं ते इतकंच, गाडी कुठली, नंबर काय, कुठून कुठपर्यंत, गावाचं नाव घालून, येणं-जाणं धरून एकूण किती, ऑक्सिजन आणि माणूस त्यात आहे की नाही, हे सगळं व्हॉट्सॲपवर टाईप करून पाठवा. व्हॉइस मेसेज नाही, टाईप करून. गाडीचा आतला फोटो मागा, पट्टे दिसले पाहिजेत. गेटपास हातात आल्याशिवाय गाडी बोलवू नका.

परवा काकूंना फलटणला जायचं होतं, मणक्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं. त्यांच्या मुलाला गेटवरच्याने सहा हजार सांगितलेले. मी म्हटलं लिहून माग. तर तो म्हणाला, "असं कोणी लिहून देत नाही दादा," आणि फोन ठेवला. मग एका मंडळाच्या गाडीला फोन केला, त्यांनी दहा मिनिटांत सगळं टाईप करून पाठवलं, नंबर टाकून बघितला, फिटनेस चालू होता, ५,२०० ठरले. संध्याकाळी फलटणहून काकूंच्या मुलाचा फोन आला, आई आत झोपलीय, ५,२०० दिले, ड्रायव्हर चहा घेऊन आत्ताच निघाला.