एकच सर्व्हिस घोटायची की आलटून-पालटून?

बॅडमिंटन शिकायला आलेल्या मुलीकडून ३६ सर्व्हिस करून घ्यायच्या आहेत. एक पद्धत अशी: आधी १२ शॉर्ट (जाळीलगत जवळ पडणारी), मग १२ लाँग (उंच, मागे जाणारी), मग १२ ड्राइव्ह (सपाट, वेगवान). दुसरीत तिन्ही मिसळून, कुठलाही क्रम न ठेवता.

पहिलीत पाचव्या-सहाव्या फटक्यालाच हात बसतो. शटल जाळीच्या वर जेमतेम बोटभर अंतरावरून जातं आणि बघणाऱ्यांना वाटतं, पोर शिकली! दुसरीत मात्र चुकाच चुका. आत्ता शॉर्ट झाली, लगेच लाँग. म्हणजे पाय, खांदा, मनगट सगळं पुन्हा जुळवायचं. मुलं वैतागतात, हे मी रोज बघते.

तरीही माझा कौल दुसरीलाच. १९८६ साली गूड आणि मॅगिल या अमेरिकी संशोधकांनी नवशिक्या तरुणींवर याच तीन सर्व्हिस घेऊन असाच प्रयोग केला. नंतरच्या चाचणीत मिसळून सराव केलेल्यांचा हात जास्त टिकला. उजव्या कोर्टातून शिकून डावीकडून सर्व्हिस करायला लावली, तिथेही त्याच सरस ठरल्या. कारण समजण्यासारखं आहे. एकच फटका घोटताना मेंदू मागचीच आखणी पुन्हा वापरतो. फटका बदलला की ती दर वेळी नव्याने करावी लागते, आणि सामन्यात तर हेच लागतं.

अगदी पहिले दोन-तीन दिवस, रॅकेट धरतानाच बोटं आखडत असतील, तर एकेकच सर्व्हिस घ्यावी. शटल सातत्याने जाळीपार जाऊ लागलं की मात्र लगेच मिसळा.