बेबी रेकॉर्ड बुक: पानं भरपूर, पण चुकीच्या वयाची

बारशाच्या आहेरात हल्ली चांदीच्या वाळ्यांच्या जोडीला बेबी रेकॉर्ड बुक असतेच. ब्रँड कोणताही घ्या, आतला साचा जवळपास तोच: सोनोग्राफीच्या फोटोची चौकट, हातापायांचे ठसे, पहिला दात, जावळ, बारा महिन्यांची बारा पानं, पहिला वाढदिवस. मागे लसीकरणाचा तक्ता, की संपलं. आईबापांसाठी नोंदवही म्हणून ठीक आहे. पण मुखपृष्ठावर ‘आठवणी’ असं मिरवणारी ही वही ज्या वयाला एवढी पानं देते, त्यातलं मुलाला पुढे काहीच आठवत नाही. आठवणी टिकायला लागतात त्या वयासाठी मात्र एक कोरं पानही नसतं.

मोठ्या माणसांची पहिली आठवण सरासरी साडेतीन वर्षांच्या आसपासची निघते. म्हणजे त्याआधी मेंदू कोरा असतो असं नाही. मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन रोव्ही-कोलियर यांनी पाळण्यावरच्या खेळण्याची रिबन बाळाच्या पायाला बांधली. पाय झाडला की खेळणं हलायचं. दोन महिन्यांच्या बाळांना ही युक्ती एक-दोन दिवस लक्षात राहिली, तीन महिन्यांच्यांना साधारण आठवडाभर. नोंद होते, ती टिकत नाही. का टिकत नाही, याचं एक कारण 2014 साली टोरांटोच्या प्रयोगांतून पुढे आलं. लहानपणी हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी घडवणाऱ्या मेंदूच्या भागात, नव्या मज्जापेशींची भर झपाट्यानं पडत असते आणि त्या गडबडीत जुन्या जोडण्या विस्कटतात. उंदरांच्या पिलांमध्ये ही वाढ मंदावली तेव्हा विसरणंही कमी झालं. गिनीपिग बराच वाढलेला जन्माला येतो, त्याच्यात असा विसर मुळातच कमी.

वहीच्या दृष्टीनं खरं कामाचं संशोधन मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया बाउअर यांचं. तीन वर्षांच्या मुलांशी त्यांच्या आईंनी नुकत्याच घडलेल्या प्रसंगांबद्दल गप्पा मारल्या, त्या नोंदवून ठेवल्या. पाच ते सात वर्षांच्या वयात मुलांना त्यातले साठ टक्क्यांहून जास्त प्रसंग आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्या वयात चाळीस टक्क्यांहून कमी. गळती होते ती शाळकरी वयात. तेव्हा पानं हवीत ती तीन ते सात या वर्षांची, आणि ती तुम्हालाच जोडावी लागतात.

त्या पानांवर काय लिहायचं? मुलाचे शब्द, जसेच्या तसे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात सिमकॉक आणि हेन या संशोधकांनी 2002 साली एक ‘जादूचं यंत्र’ वापरलं: मोठं खेळणं आत टाका, दांडा फिरवा, दुसऱ्या बाजूनं तेच खेळणं छोटं होऊन बाहेर. सहा महिने ते वर्षभरानं विचारलं तेव्हा मुलांनी फोटो ओळखले, कृती करूनही दाखवली. पण घटनेच्या वेळी जे शब्द येत नव्हते, ते आता येत असूनही त्या आठवणीसाठी एकदाही वापरले नाहीत. म्हणून मूल ‘भुर्र गेलो, काऊनं मम्मं खाल्लं’ म्हणालं तर तेच लिहा. ‘आम्ही बागेत सहलीला गेलो’ हे तुमचं वाक्य झालं.

एका प्रसंगाला एक पान, वर तारीख आणि मुलाचं वय महिन्यांत. वर्षाला सहा-आठ प्रसंग पुरे. प्रश्न मोकळे विचारा: तिथं कोण होतं, मग काय झालं, तुला काय वाटलं? ‘मजा आली ना?’ विचारलं की ‘हो’ येतं आणि गप्पा तिथंच संपतात. तोच प्रसंग सहा महिन्यांनी पुन्हा विचारा, उत्तर त्याच पानावर खाली लिहा. दोन उत्तरं जुळली नाहीत तर वरचं खोडू नका. बोरन्हाण पाच वर्षांपर्यंत दरवर्षी करता येतं, त्यामुळे तुलनेला ते फार सोयीचं. छापील वहीत त्याचं पान सहसा नसतं, हा भाग वेगळा.

फोटो जपून वापरा. 2002 सालच्याच एका प्रयोगात लहानपणी हॉट एअर बलूनमध्ये बसल्याचे बनावट फोटो मोठ्या माणसांना दाखवले. तीन मुलाखतींनंतर वीसपैकी निम्म्यांना ती न घडलेली सैर थोडीफार ‘आठवू’ लागली. आधी मुलाला बोलू द्या, लिहून घ्या, मग फोटो दाखवा. फोटोमागे मऊ पेन्सिलीनं ‘सांगण्याआधी दाखवला’ की ‘नंतर’, एवढं लिहिलं तरी पुढे उपयोग होतो.

आता कागदाचं. सोनोग्राफीची प्रिंट थर्मल, म्हणजे उष्णतेनं काळ्या पडणाऱ्या, कागदावर असते, ती काही वर्षांत फिकी पडते. आधी स्कॅन करा आणि चौकटीत साध्या कागदावरची प्रत लावा. मूळ प्रिंट गरम लॅमिनेशनला दिलीत तर ती काळी पडते. चिकट पानांवर प्लॅस्टिक असलेले प्रकार टाळा: डिंक पिवळा पडतो, फोटो निघताना फाटतो. त्यापेक्षा फोटोचे कोपरे अडकवायचे कागदी फोटो कॉर्नर बरे. साध्या जेल पेनची शाई कोकणातल्या पावसाळी दमटपणात पसरू शकते. पाण्यानं न पसरणाऱ्या पिगमेंट शाईचं पेन घ्या. पायाच्या ठशाचा पहिला प्रयत्न हमखास फिसकटतो, म्हणून तो वेगळ्या कागदावर घेऊन चिकटवा.

घ्यायचीच तर रिंगवाली घ्या. गोंदानं बांधलेल्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत नंतर पान घालता येत नाही, आणि फोटो लावले की कणा उकलतो. रिंगवालीत लसीकरणाचा तक्ता काढून ठेवा, सरकारी कार्डावर तो असतोच. त्या जागी शंभर जीएसएमचे (हे कागदाच्या वजनाचं माप) वीस-पंचवीस कोरे कागद भोकं पाडून घाला.