सेन्सरी ओटी: सेंटरला न्यावं की घरीच करावं?

मिक्सर सुरू झाला की कान दाबून पळणारं, शर्टाचं लेबल टोचतं म्हणून सकाळी घर डोक्यावर घेणारं मूल असलं की कोणीतरी सांगतंच, ‘सेन्सरी ओटी लावा’, म्हणजे आवाज, स्पर्श अशा संवेदनांचा त्रास होणाऱ्या मुलांसाठीची ऑक्युपेशनल थेरपी. मग प्रश्न उरतो: आठवड्यातून दोन-तीनदा सेंटरला न्यायचं, की थेरपिस्टकडून कार्यक्रम घेऊन घरीच राबवायचा?

सेंटरमध्ये झोके, चढायच्या शिड्या, जाड मॅट असतात. पण पैसे खरे तर थेरपिस्टच्या नजरेचे. झोका हलताच मुलाने दोरी घट्ट आवळली, पाय आखडले, की ती उंची कमी करते, पोटावर झोपवून झोका देते, हातात चेंडू देते. हे यूट्यूब बघून जमत नाही. ही पद्धत अमेरिकेतल्या ए. जीन आयर्स यांची. तिचा पुरावा मात्र संमिश्र आहे. २०१४ च्या एका अमेरिकी चाचणीत ऑटिझम असलेल्या ३२ मुलांपैकी १७ जणांना आठवड्यातून तीनदा, दहा आठवडे थेरपी दिली, बाकीच्यांना नेहमीचीच सेवा. पालकांनी सांगितलेल्या रोजच्या उद्दिष्टांत फायदा दिसला. २०२२ मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या १३८ मुलांच्या चाचणीत चिडचिडीवर नेहमीच्या सेवेपेक्षा वेगळा परिणाम दिसला नाही. म्हणून ‘वागणं सुधारावं’ म्हणून थेरपी लावू नका; नखं कापू देणं, मोजे घालणं, वर्गात बसणं असं एखादं काम नेमून द्या.

घरच्या कार्यक्रमाची ताकद म्हणजे तो रोज होतो. कणीक मळणं, भाजीची पिशवी उचलून आणणं, भिंत ढकलणं यांना सामान लागत नाही. शिवाय नाशिकरोडला राहणाऱ्यांनी संध्याकाळी कॉलेज रोडचं सेंटर गाठायचं म्हणजे वाटेत द्वारका चौकाची गर्दी. हॉर्नने आधीच वैतागलेलं मूल सेशनला कसं बसणार? गणपतीत ढोल दारात आले की काय करायचं, हेही घरच्यांनाच ठरवावं लागतं: कानावर इअरमफ, आतली खोली, आणि पाहुण्यांच्या टोमण्यांकडे दुर्लक्ष. पण मूल ठरावीक दोन-तीनच पदार्थ खातं, खाताना गुदमरतं किंवा झोक्याच्या नावानेच रडतं, तर घरी प्रयोग नकोत. वजनाचं जाकीट आणि अंगावर ब्रश फिरवणं हेही मनाने सुरू करू नका. त्यांचा पुरावा कमकुवत आहे.

माझं मत विचाराल तर पहिले दोन-तीन महिने सेंटर, तेही आई किंवा बाबा आत बसून; मग घरी, आणि महिन्यातून एकदा तपासणी. पालकांना दाराबाहेर बसवून ‘छान झालं आज’ एवढंच सांगणारं सेंटर कितीही चकचकीत असो, मी नेणार नाही. थेरपिस्टची बीओटीएच (ऑक्युपेशनल थेरपीची) पदवी आणि राज्य परिषदेची नोंदणी विचारायला लाजू नका. ही पदवी देणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच नाशकात आहे.

त्याआधी बालरोगतज्ज्ञांकडून कान आणि विकासाची तपासणी करून घ्या. अमेरिकी बालरोग अकादमीने २०१२ मध्येच सांगितलं आहे की ‘सेन्सरी’ हे सहसा स्वतंत्र निदान धरू नये. मागे ऑटिझम, एडीएचडी (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) किंवा चिंता असू शकते. खर्च झेपत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत; अंगणवाडीत, सरकारी शाळेत किंवा सिव्हिलमध्ये चौकशी करा.

आणि पहिल्याच दिवशी थेरपिस्टला विचारून ठेवा: तीन महिन्यांत नखं कापता आली नाहीत, तर तुम्ही काय बदलाल?