सहारच्या फॉरवर्डरची सेवा: वाहतूक चोख, क्लेमचा सल्ला चुकीचा

अंधेरीच्या एमआयडीसीत आमचा प्रयोगशाळेतील उपकरणे दुरुस्त करण्याचा छोटा व्यवसाय असून, जर्मनीहून विमानाने येणाऱ्या सुट्या भागांसाठी गेली तीन वर्षे आम्ही सहार कार्गो संकुलाजवळच्या एका फॉरवर्डरकडे (मालाची वाहतूक आणि कस्टमची कामे करून देणाऱ्या कंपनीकडे) काम देत आहोत. माल वेळेवर सुटतो, कस्टमचे कागद बिनचूक असतात आणि फोन केला की उचलला जातो.

मागच्या खेपेत दोन पेट्यांपैकी ३८ किलोच्या पेटीचा कोपरा दबलेला होता आणि तिच्यावरचे धक्का नोंदवणारे लेबल लाल झाले होते. फॉरवर्डरच्या माणसाने पेटी गोदामाबाहेर काढण्यापूर्वीच पावतीवर शेरा लिहून घेतला, फोटो काढले आणि डॅमेज सर्टिफिकेट मिळवले. त्याचे श्रेय द्यायलाच हवे. तक्रारीविना माल ताब्यात घेतला की तो सुस्थितीत मिळाला, असे प्रथमदर्शनी मानले जाते.

त्यानंतर मात्र कार्यालयातून सांगण्यात आले की क्लेम, म्हणजे नुकसानभरपाईचा दावा, फक्त शिपर (माल पाठवणारा) करू शकतो, तेव्हा तुम्ही जर्मनीला कळवा. हे चुकीचे आहे. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीत वाहकाची जबाबदारी ठरवणारा १९९९ चा माँट्रियल करार भारताला २००९ पासून लागू असून १९७२ च्या हवाई वाहतूक कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत तो समाविष्ट आहे. त्यानुसार शिपर आणि कन्साइनी (ज्याच्या नावे माल पाठवला तो) हे दोघेही आपापल्या नावाने आपले हक्क बजावू शकतात, आणि माल मुक्कामी पोहोचल्यावर तो मागण्याचा अधिकार कन्साइनीकडे येतो. मालाचे पैसे आपण भरले, किंवा 'नोटिफाय पार्टी'च्या (माल आल्याचे ज्याला कळवायचे त्याच्या) रकान्यात आपले नाव आहे, एवढ्याने काम भागत नाही; कन्साइनी म्हणून नाव लागते. विमा असता तर भरपाई देऊन विमा कंपनीच आमच्या जागी उभी राहिली असती. तो आम्ही काढला नव्हता, ही चूक आमची.

खरी गुंतागुंत दोन एअरवे बिलांत, म्हणजे विमानाने माल नेण्याच्या कागदांत, आहे. फॉरवर्डरने दिलेल्या हाउस एअरवे बिलावर कन्साइनी आम्ही होतो, तर विमान कंपनीच्या मास्टर बिलावर फॉरवर्डरचेच मुंबई कार्यालय. त्यामुळे विमान कंपनीने 'आमच्या बिलावर तुमचे नाव नाही' असे कळवले, आणि फॉरवर्डरने तेवढ्यावर हात झटकले. वास्तविक ज्याने हाउस बिल स्वतःच्या नावाने दिले, तो करार करणारा वाहक ठरतो. दावा त्याच्यावर किंवा प्रत्यक्ष वाहकावर करता येतो, आणि एकाकडे दिलेली तक्रार दुसऱ्यालाही लागू पडते. (जो आम्हाला जर्मनीकडे बोट दाखवत होता, तोच उत्तरदायी निघावा, हे त्याला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.)

या टोलवाटोलवीत नऊ दिवस गेले. माल मिळाल्यापासून १४ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते, ती मी अकराव्या दिवशी दोघांनाही दिली. दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे. रकमेबाबत मात्र मोठी आशा नव्हती. कराराची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून किलोला २६ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक), म्हणजे आमच्या पेटीला जास्तीत जास्त ९८८; पाठवतानाच जादा आकार भरून मूल्य जाहीर केले असते, तरच ती ओलांडता आली असती. शिवाय पॅकिंग शिपरचे सदोष होते, असे सिद्ध झाल्यास तेही मिळणार नाही.

वाहतुकीला पाचपैकी चार, क्लेमच्या मदतीला एक. पुढची खेप मी त्यांच्याकडेच देणार आहे, मात्र विमा आमच्या नावाने काढून आणि हाउस बिलाचा मसुदा माल निघण्याआधी स्वतः वाचून.