हर्णै-दापोली रस्त्यावरचे पाच महिने आणि तीन हातविणीचे कपडे

आश्विनात मी विणलेलं जाकीट घालून बाहेर पडले तेव्हा शेजारच्या काकींनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "काय गो, ताप आलाय काय तुला?" त्यांचं विचारणं बरोबरच होतं. पाऊस गेला की आमच्या हर्णैला ऑक्टोबरचं ऊन भाजून काढतं, दुपारी अंगावर ओढणीसुद्धा नकोशी होते. पण मी सकाळी पावणेसातला स्कूटरवरून दापोलीला कामाला जाते. हर्णै समुद्राला लागून, दापोली साधारण आठशे फूट उंचीवर, आणि वाटेत आसूदच्या माडा-पोफळींच्या बागा. तिथे खाली ऊन पोचलेलं नसतं. त्या वळणांवरचा गारवा छातीत शिरतो. नऊ-साडेनऊला मात्र तोच कपडा काढून पिशवीत कोंबावा लागतो. माझी थंडी दोन तासांची आहे, आणि मी तिन्ही कपडे त्या दोन तासांसाठीच बेतले. गणपतीच्या आधी टाके घातले, आता जानेवारी सरत आलाय.

सुती जाकीट, लोकर-सुताचं कार्डिगन आणि ॲक्रिलिक या कृत्रिम धाग्याचा स्वेटर असे ते तीन कपडे. तिसऱ्याबद्दल आधी सांगून मोकळी होते. आपल्याकडे दुकानात 'लोकर' म्हणून जे गुंडे मिळतात त्यातले बरेचसे ॲक्रिलिकचे असतात. दोऱ्याचं टोक जाळून पाहावं: खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते, ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. त्याचा स्वेटर रंगाने सुंदर झाला, धुवायला सोपा, कसरही लागत नाही. पण हा धागा घाम शोषत नाही. दमट हवेत चढावर दहा मिनिटं चाललं की पाठ चिकचिकते. आमच्या किनाऱ्यावर अंगात घालायला मी तो पुन्हा विणणार नाही. कानटोपीला ठीक आहे.

सुती जाकीट बिनबाह्यांचं, पुढून उघडं. त्याच्यावर माझा सगळ्यात जास्त जीव होता आणि त्यानेच सगळ्यात जास्त शिकवलं. ४ मि.मी.च्या सुयांवर आधी मापासाठी छोटा तुकडा, म्हणजे नमुना, विणला तेव्हा १० सें.मी.मध्ये २० टाके बसले. छाती ९० सें.मी., सैलपणा १०, म्हणजे २०० टाके घालायचे. सुदैवाने नमुना धुऊन पाहिला. वाळल्यावर त्याच १० सें.मी.त १८च टाके उरले. २०० टाके घातले असते तर जाकीट १११ सें.मी. रुंद झालं असतं. म्हणून १८० घातले आणि रुंदी अगदी नेमकी बसली.

लांबीत मात्र फसले. नमुना हाताएवढा, सपाट वाळवलेला. पुरं जाकीट ३८० ग्रॅम भरलं, आणि ते वजन सगळं खांद्यांवर लोंबतं. लोकरीच्या तंतूला अंगचा कुरळेपणा असतो, ताणला की मागे येतो. सुताला ती उसळी नाही. ५२ सें.मी. विणलेली लांबी दिवाळीपर्यंत ५७ झाली. त्यात मी ते दोनदा वलणीवर वाळत घातलं होतं, ही माझी मोठी चूक. ओलं सूत स्वतःच्या ओझ्यानेच ओढलं जातं. आता पडवीत बाजेवर मच्छरदाणीची जाळी पसरून त्यावर आडवं घालते. खांद्यांच्या शिवणीत आतून सुती नाडी शिवली, तेव्हापासून ते आणखी उतरलेलं नाही. गोल सुईवर (दोन टोकं लवचीक दोरीने जोडलेली सुई) बिनशिवणीचं विणण्याचा मोह सुती कपड्यात टाळावा असं माझं ठाम मत झालंय. शिवण कपड्याला धरून ठेवते.

अर्धी लोकर-अर्धं सूत अशा दोऱ्याचं कार्डिगन या तिघांत श्रेष्ठ. दोरा सुताच्या जवळजवळ दुप्पट भावाने पडला, आणि एका रुपयाचं वाईट वाटत नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याएवढी वाफ पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. डिसेंबरात आसूदच्या उतारावर दहिवराने स्कूटरचा आरसा ओघळत असायचा, तेव्हाही अंग कोरडं असे. गळ्यापासून खाली विणल्यामुळे अधूनमधून घालून बघता आलं. बेतताना एक गोष्ट केली ती सांगते, कारण मला ती विणकामाच्या कुठल्या लिहिलेल्या कृतीत सापडली नव्हती. स्कूटरवर वारा समोरून येतो, म्हणून पुढचे दोन्ही भाग बारीक सुईवर घट्ट, साधे सुलट-उलट विणले. पाठीला आणि काखेखाली जाळी घातली: सुईवर दोरा घ्यायचा आणि पुढचे दोन टाके एकत्र विणायचे. ऊब समोर राहते, घाम मागून निघून जातो. बाह्या मनगटाच्या पुढे चार बोटं लांब ठेवल्या, हँडल धरलेला हात त्यात झाकला जातो.

या कार्डिगनला मी आधी धातूची बटणं लावली होती. खाऱ्या हवेत दीड महिन्यात त्यांना गंज चढला आणि काजांभोवती तांबूस डाग पडले, ते आजही आहेत. आता नारळाच्या करवंटीची बटणं आहेत. दिसायलाही तीच शोभतात. सुयांचंही तसंच, मी बांबूच्या घेतल्या.

धुणं रिठ्याच्या कोमट पाण्यात, न चोळता-पिळता, फक्त दाबून. गरम पाण्यात चोळली की लोकर आटते आणि घट्ट गोळा होते. कपाट भिंतीला टेकलेलं असेल तर आधी चार बोटं पुढे ओढा, आमच्या जांभ्याच्या भिंती पावसानंतर कितीतरी दिवस ओल सोडत असतात. लोकरीत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवते, आणि पंधरा दिवसांनी एकदा घडी मोडून हवा देते.

सुती जाकीट गेल्या रविवारी खालच्या बाजूने ५ सें.मी. उसवलं. दोऱ्याची लडी करून भिजवली, खाली वरवंटा बांधून खळ्यात टांगली आहे, म्हणजे टाक्यांची वळणं सरळ होतील. त्यातून दोन खिसे विणायचे आहेत, एक गाडीच्या किल्लीचा आणि एक नुसता हात घालून चालायचा.