नाईट शिफ्टवाल्यांनी जावं असं एआरटी केंद्र: पाचपैकी चार स्टार

मी 21 वर्षांचा आहे, चाकणला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर कामाला. एचआयव्ही जन्मापासून. गोळ्या सहाव्या वर्षी सुरू झाल्या आणि तेव्हापासून तीन एआरटी केंद्रं, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या आणि तपासण्या मिळतात ती, झाली. हा रिव्ह्यू तिसऱ्याचा. सरकारी आहे, सगळं फुकट आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथे येणाऱ्या पोरांना कुणी ओळखू नये.

पहिलं केंद्र गावाकडचं. तिथे आजी सगळं बघायची. तारीख, हिरवं पुस्तक (उपचाराच्या नोंदी असतात ते), एसटी, डबा, सगळं तिच्याकडे. मला नववीपर्यंत वाटायचं की गोळ्या टीबीच्या आहेत. चाकणला आलो आणि एका दिवसात हे सगळं माझ्या अंगावर पडलं. सहा जणांची खोली. बाटली हलवली की गोळ्या खुळखुळतात, म्हणून झाकणाखाली कापूस कोंबायचो. पहाटे कुणी उठायच्या आत, अंधारात, पाणी न पिताच गोळी गिळायचो.

दुसऱ्या केंद्रावर एकदा दहा दिवस उशिरा गेलो. सगळ्या रांगेसमोर मोठ्याने नाव घेऊन विचारलं, "कुठे मेला होतास इतके दिवस?" बाकावर आमच्याच लाइनवरच्या एका पोराची आई बसली होती. मी पुस्तक घेतलं आणि निघालो ते परत गेलोच नाही. चार महिने एकही गोळी घेतली नाही. वजन सात किलो उतरलं. एका रात्री कंपनीच्या मागच्या गेटवरून 1097 ला, एचआयव्हीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला. टोल फ्री आहे, मराठीत बोलतात. त्यांनी सांगितलं की जुन्या केंद्रावर जायचं नसेल तर दुसऱ्या केंद्रावर नाव हलवून घेता येतं.

तसा इथे आलो. काउन्सेलर मॅडमनी आधी दार लावलं. मग विचारलं, "जेवलास का?" चार महिन्यांचं विचारलं ते सगळ्यात शेवटी, आणि तेही "काय झालं होतं रे?" एवढंच. जुन्या केंद्राशी त्याच बोलल्या, मला तोंड दाखवायला जावं लागलं नाही. सीडी फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशी किती ते) आणि टीबीची तपासणी त्याच दिवशी झाली, गोळ्याही लगेच मिळाल्या.

आता जे लिहितोय ते मी कुणाला सांगितलेलं नाही. दर वेळी तिथे उरलेल्या गोळ्या मोजतात. नाईट शिफ्ट असली की माझ्या गोळ्या चुकायच्या, मग जायच्या आदल्या दिवशी जास्तीच्या गोळ्या बाथरूममध्ये टाकून पाणी सोडायचो. मोजणी बरोबर यायची. सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती ती तपासणी, केला तर हजाराच्या बराच वर. मॅडमनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि गप्प बसल्या. मीच सगळं सांगून टाकलं. रडलोसुद्धा.

ओरडल्या नाहीत. माझं शिफ्टचं वेळापत्रक मागितलं आणि कागदावर आठवडा मांडला. मी "रात्री नऊला, झोपताना" हे घट्ट धरून बसलो होतो. कारण आधीच्या गोळीत एफाविरेन्झ नावाचं औषध होतं, त्याने गरगरायचं, म्हणून ती झोपतानाच घ्यायला सांगायचे. आताची टीएलडी आहे, दिवसाला एकच, त्यात डोल्युटेग्राविर. ती दिवसा घेतली तरी चालते, फक्त वेळ रोज तीच पाहिजे. ठरलं दुपारी चार. फर्स्ट असो, नाईट असो, चारला मी जागाच असतो. सेकंडला तेव्हा चहाची सुट्टी असते. मेसच्या जेवणाने पोट जळायचं म्हणून मी अँटासिड घ्यायचो, तेही त्यांनी विचारून काढलं. गोळी अँटासिडच्या आधी दोन तास नाहीतर नंतर सहा तास, असं कागदावर लिहून दिलं. पंधरा वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. बाटलीही आता खोलीवर नसते. आठवड्याच्या गोळ्या सात खणांच्या डबीत, डबी लॉकरमध्ये.

तीन महिन्यांनी परत तपासणी केली. विषाणू सापडलाच नाही. तसाच राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे मॅडमनी तेव्हा नीट समजावलं. मला हे विसाव्या वर्षी कळलं. पंधराव्या वर्षी कळायला हवं होतं, ती पाच वर्षं मी कुणाच्या जवळ बसायलाही घाबरत होतो.

मध्ये एकदा तारीख चुकली. केंद्राबरोबर काम करणाऱ्या संस्थेच्या दादाचा फोन आला. खोलीवर येऊ का, असं त्याने आधी विचारलं. मी नको म्हणालो, तर नाक्यावरच्या टपरीवर भेटला. त्याच्याकडूनच समजलं की 2017 चा कायदा आहे, कंपनी जबरदस्तीने ही तपासणी करू शकत नाही आणि एचआयव्ही आहे एवढ्यावरून कामावरून काढता येत नाही.

एक स्टार कापला त्याची कारणं आहेत. रविवारी बंद, दुपारी चारनंतर बंद, म्हणजे कॉन्ट्रॅक्टवाल्याचा एक रोज बुडतोच. व्हायरल लोडचा रिपोर्ट यायला मला महिन्याच्या वर लागला. आणि लाल रिबिनीचा (एचआयव्हीची खूण) भलामोठा बोर्ड बरोबर औषधांच्या सामान्य खिडकीसमोर आहे. त्या दाराकडे वळताना अख्खी रांग बघते. बोर्ड आतल्या बाजूला घ्या, एवढं मी तक्रारपेटीत लिहून टाकलंय. अजून तिथेच आहे.

पहिल्यांदा जाणार असाल तर सोमवार टाळा, फार गर्दी असते. दुपारी दोनच्या सुमारास निवांत असतं. हिरवं पुस्तक आणि बाटली, गोळ्या उरल्या असतील तर त्यांच्यासकट, घेऊन जा. तब्येत आणि रिपोर्ट ठीक असले की तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देतात, बोलून घ्या. मॅडम नसतील तर थोडं थांबा, जेवायला गेलेल्या असतात.