दारू आपली, बारटेंडर भाड्याचा: इंदुरातल्या एका लग्नसराईनंतरचा अनुभव

तुळशीच्या लग्नापासून मे अखेरपर्यंत, मधला धनुर्मास वगळून, बायपास आणि खंडवा रोडवरच्या मॅरेज गार्डनमध्ये ही पद्धत वापरून झाली. दारू यजमान आणतो, बारटेंडर आणि त्याचं सामान भाड्यानं येतं. हॉटेलच्या बारपेक्षा खर्च बराच कमी होतो, पण कामं वाढतात आणि ती सगळी आपल्या गळ्यात पडतात. सात महिन्यांत व्हिस्की एकदाही कमी पडली नाही. दर वेळी टंचाई झाली ती बर्फाची, धुतलेल्या ग्लासांची आणि काउंटरमागच्या माणसांची.

आधी परवाना. आबकारी खात्याचा एफएल-५ हा प्रासंगिक परवाना ऑनलाइन मिळतो. घर, गार्डन आणि हॉटेल यांची फी वेगवेगळी असते आणि दरवर्षीच्या धोरणाबरोबर बदलते, म्हणून मागच्या वर्षीचा आकडा धरून बसू नका. परवाना ठरलेल्या जागेचा आणि तारखेचा असतो. गार्डन बदललं तर नवा अर्ज करावा लागतो. काउंटरवरची प्रत्येक बाटली मध्य प्रदेशातल्या दुकानाची हवी आणि तिचं बिल जवळ हवं. मामांनी गोव्याहून आणलेली किंवा महूच्या कॅन्टीनमधून आलेली बाटली तिथे दिसली, तर तपासणीत सगळा साठा अडकतो. महेश्वर, ओंकारेश्वर किंवा उज्जैन शहरात लग्न असेल तर हा विषयच सोडा. १ एप्रिल २०२५ पासून तिथे दारूबंदी आहे.

खरेदीबद्दल दोनच गोष्टी. आपल्याकडे बाटलीला किमान आणि कमाल असे दोन दर असतात आणि ठेकेदार त्या दोन्हींच्या मधे कुठेही विकू शकतो. पेटीनं घेताना तीन दुकानांत विचारलं की फरक हमखास निघतो. दुसरं म्हणजे ठेक्यांचं वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यामुळे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ठरावीक ब्रँड मिळेलच असं समजू नका. उरलेल्या पेट्या परत घेण्याचं तोंडी आश्वासन मिळतं, पण त्यावर हिशेब मांडू नये.

आता प्रमाण. २०० पाहुण्यांत पिणारे साधारण ९० धरा. नेमका आकडा काढायचा तर पाहुण्यांची यादी दोन्हीकडच्या एकेका जाणत्या माणसाला दाखवा, तो नावावर टिचकी मारत सांगतो. चार तासांत माणशी सरासरी चार पेले, म्हणजे ३६०. डिसेंबरात यातले ६० टक्के व्हिस्की, १० टक्के रम, १५ टक्के व्होडका-जिन आणि १५ टक्के बिअर असं विभागलं तर चुकत नाही. ६० मिलीच्या पेगनं ७५० मिलीच्या बाटलीत १२ पेग धरायचे. व्हिस्की १८ बाटल्या, रम ३, व्होडका-जिन मिळून ५. बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत दोन ग्लास होतात, म्हणून २७ बाटल्या. मे महिन्यात हेच गणित उलटतं: बिअर ४० टक्के म्हणजे ७२ बाटल्या, १२ च्या सहा पेट्या. व्हिस्की ११, व्होडका-जिन ८ आणि रम शून्य. जास्तीचे दहा टक्के फक्त व्हिस्की आणि बिअरवर ठेवा. बाकी काही संपलंच तर पाहुणा दुसरं घेतो, कुणी रुसत नाही.

सोड्यात मात्र हात आखडू नका. हिवाळ्याच्या या हिशेबात व्हिस्की-रमचे २५२ पेग होतात. निम्मे सोड्याबरोबर, पेगाला १३० मिली धरला तर १६ लिटरच्या वर लागतो. ७५० मिलीच्या २२ बाटल्या कागदावर पुरतात, पण उघडलेल्या बाटलीतला वायू उडून जातो आणि शेवटचा घोट फेकावा लागतो, म्हणून २८ आणाव्यात. सोडा बर्फात ठेवलेलाच हवा. गरम सोडा ओतला की फसफसून उतू जातो, बर्फ वितळवतो आणि पेला पांचट होतो. पाणी सीलबंद जारचंच घ्या. गार्डनच्या बोअरचं पाणी मचूळ असलं तर चांगल्या व्हिस्कीचं मातेरं होतं.

या सगळ्यात जीव घालावा असा विषय बर्फाचा. पेल्यांसाठी थंडीत पिणाऱ्यामागे एक किलो आणि मे महिन्यात दीड किलो. तो पिशवीबंद, पिण्याच्या पाण्याचा, ठोकळ्यांचा हवा. फॅक्टरीतली सिल्ली, म्हणजे बर्फाची लादी, फोडून पेल्यात घालू देऊ नका. ती फक्त बाटल्या थंड करायच्या टबासाठी, आणि खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम २०१८ मध्ये आला तो याच कारणानं. टबाच्या बर्फाचा हिशेब वेगळा. ३५ अंशांवरची एक बिअरची बाटली ५ अंशांवर आणायला जवळपास ३०० ग्रॅम बर्फ वितळतो. उघड्या टबाची उष्णता धरली तर ५०० ते ६०० ग्रॅम. म्हणजे ७२ बाटल्यांना ४० किलो, आणि नंतर थंड ठेवायला तेवढाच पुन्हा. बहुतेक जण कोरड्या बर्फात बाटल्या खुपसतात, तिथे काचेला बर्फाचे चार-पाच टोकच लागतात. दोन भाग बर्फ आणि एक भाग पाणी घाला, बाटली गळ्यापर्यंत बुडाली पाहिजे. २०-२५ मिनिटांत काम होतं. घाई असेल तर २० किलो बर्फाला किलोभर मीठ, पण बाटल्या अर्ध्या तासाच्या आत बाहेर काढा. मिठाचं पाणी शून्याच्या खाली जातं, बिअर गोठते आणि बाटली तडकते.

दोन वेगळे टब आणि दोन वेगळे चिमटे हवेत. टबात हात घातलेला पोरगा तोच हात पेल्याच्या बर्फात घालतो, हे वारंवार दिसलं.

बारटेंडरशी बोलताना माणसं किती येणार, हे आधी विचारा. व्हिस्की-सोडा करायला सरावाच्या हाताला अर्धा मिनिट लागतं, शेकरमधल्या कॉकटेलला दोन मिनिटं. इथे रात्री दहाला डीजे बंद करावा लागतो आणि त्याच क्षणी नाचणारे सगळे काउंटरवर येतात. ९० जणांना अर्ध्या तासात एकेक पेला द्यायचा तर मिनिटाला तीन. दोन बारटेंडर, ग्लास आणि बर्फ पाहणारा एक हेल्पर, याच्या खाली जमत नाही. ग्लास पिणाऱ्यामागे अडीच, म्हणजे २२५. प्लॅस्टिकचे ग्लास, स्ट्रॉ आणि ढवळण्या १ जुलै २०२२ पासून बंद आहेत आणि इंदुरात पालिका ते पाहते. काचेचे भाड्यानं घ्या आणि धुणारा माणूस वेगळा ठरवा, हलवायाच्या पोरांवर सोडू नका.

पेग मेजरशिवाय ओतायचं नाही, ही अट पहिल्या फोनवरच घाला. हातानं ओतलेला पेग सहज ७५ मिलीचा होतो. मग बाटलीत साडेबाराऐवजी दहाच निघतात आणि ३० बाटल्यांमागे सहा बाटल्या कुठे गेल्या ते कुणालाच कळत नाही. यात बऱ्याचदा चोरी नसते, बक्षिशी असते. ज्यानं नोट सरकवली त्याचा पेग मोठा होतो. त्यावर उपाय साधा आहे: बक्षिसाची रक्कम यजमानानं आधीच सांगायची, काउंटरवर नोटा घेऊ द्यायच्या नाहीत, आणि सातच्या आत बारटेंडरांना पोटभर जेवू घालायचं. उपाशी माणूस साडेअकराला चिडचिडा होतो, त्याला दोष देता येत नाही. शेकर, गाळणी, पेग मेजर, चिमटे, सुरी आणि पाट तो आणणार का, हे लिहून घ्या. २१ वर्षांखालच्यांना द्यायचं नाही, हेही त्याच कागदावर. घरातला एक न पिणारा माणूस साठ्याजवळ बसवा: एका ब्रँडच्या एका वेळी दोनच बाटल्या उघडायच्या, रिकामी मिळाल्यावरच भरलेली द्यायची. शेवटी रिकाम्या आणि सीलबंद मोजल्या की हिशेब जुळतो. रिकाम्या बाटल्यांची लेबलं ओरबाडून टाका, नाहीतर त्यात पुन्हा नकली माल भरला जातो.

कॉकटेल दोनच ठेवा आणि आधी मिसळून ठेवा. ४० पेल्यांसाठी व्होडका २४०० मिली, लिंबाचा रस ८०० आणि साखरेचा पाक ६००. किलोभर कागदी लिंबांतून साडेतीनशे ते चारशे मिली रस निघतो, म्हणून सव्वादोन किलो घ्या. एक किलो साखर आणि एक लिटर पाणी मिळून १.६ लिटर पाक होतो. रस चार तासांपेक्षा आधी काढला तर कडवट लागतो. पेल्याच्या कडेला लिंबाची फोड फिरवून ती कड जिरावणात, म्हणजे पोह्यांवर भुरभुरतात त्या इंदुरी मसाल्यात, टेकवायची. पेरूच्या रसात व्होडका आणि कडेला जिरावण, याला या लग्नसराईत सर्वाधिक मागणी होती, आणि व्होडका न घालता तोच पेला आत्या-मावश्यांनीही आवडीनं घेतला. न पिणाऱ्यांना त्याच काचेच्या ग्लासात, तेवढ्याच अगत्यानं द्यायला हवं. यादीत फक्त ‘शिकंजी’ लिहू नका, इंदुरात ती दुधाची येते. लिंबू सरबत हवं असेल तर तसंच लिहा.

चखण्याला शेव आणि शेंगदाणे पुरतात. थंडीत तळलेला गराडू (माळव्यातला कंद) काउंटरजवळ ठेवला तर लोक पोटात काहीतरी घालून पितात आणि रात्र सावरते.

काउंटर तंदूरपासून आणि मुलांच्या खेळण्यापासून लांब, देवक आणि मंडप यांच्याकडे पाठ करून मांडा. आपल्याकडच्या थोरामोठ्यांना ते नजरेआड असलेलं बरं वाटतं, आणि त्यांचा मान राखणं सोपं आहे. आदल्या संध्याकाळच्या संगीताला बार, लग्नाच्या दिवशी नाही, ही वाटणी सगळ्यांत कमी कटकटीची ठरली. मागे साठ्याचं दुसरं टेबल, पायाखाली रबरी चटई आणि डोक्यावर पुरेसा पिवळा दिवा हवा. बाटल्यांची काच वेगळ्या पोत्यात, सालं ओल्या कचऱ्यात.

शेवटचा पेग कार्यक्रम संपायच्या पाऊण तास आधी. गाड्यांसाठी चार ड्रायव्हर आधीच बोलावून ठेवा. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड, तुरुंग किंवा दोन्ही होतात, आणि बायपासवर रात्री ट्रक थांबत नाहीत.